मैनाची कसोटी

शेषराव कापगतेला झुपकेदार मिशा होत्या, दंड पैलवानाचे होते, आणि आख्खी मिल त्याला मैना म्हणत असे. हे नाव त्याला रशियनांमुळे पडलं. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा क्रेन चालवायला आम्हाला रशियन साहेबांनी शिकवलं. त्यांच्या बोलीत ओझं वर घे म्हणायला 'विरा' आणि खाली सोड म्हणायला 'मैना'. पहिल्याच दिवशी एक लालबुंद साहेब खालून घसा ताणून 'मैना, मैना' ओरडत होता, आणि वर केबिनमधला शेषराव ओझं तसंच टांगून ठेवून छपराच्या कैच्यांमध्ये पक्षी शोधत होता. साहेबानं कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून तो मैना झाला तो झालाच. त्याला शेषराव म्हणायला घरी एक बायको होती, पण वच्छलावहिनी जुन्या वळणाची, ती नवऱ्याचं नावच घेत नसे.

मी पुंडलिक, त्याच्या क्रेनखालचा खलाशी. रुळांच्या गठ्ठ्याला साखळी बांधायची, हुक अडकवायचा आणि हातानं खूण करायची. मूठ वर केली की उचल, तळवा खाली केला की सोड. तोंडानं बोलून काही उपयोग नसे. मिलमध्ये लोखंडाचा गोंगाट असा, की शेजारच्याला तुम्ही सासूवरून शिवी दिली तरी तो हसून तंबाखूची डबी पुढं करी. त्यामुळं आम्ही सगळेच एकमेकांचे ओठ वाचायला शिकलो होतो. आवाज लागे तो फक्त एका गोष्टीला. खालचा माणूस पडला, अडकला, त्याचा हात वरून दिसेनासा झाला, तर शिट्टी फुंकायची. शिट्टी झाली की वरच्यानं ओझं असेल तिथं थांबवायचं. खालच्यांचा जीव त्या शिट्टीवर असे.

सहासष्ट सालची दिवाळी नुकतीच झाली होती. माझा पाय सांडलेल्या तेलावरून घसरला आणि मी दोन गठ्ठ्यांच्या मध्ये उताणा पडलो. पलीकडच्या खलाशानं लगेच शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली. मी पडल्या पडल्या वर बघत होतो. रूळ थांबले नाहीत. नेहमीच्या संथ चालीनं ते माझ्यावरून सरकत गेले, खाली लोंबणारी साखळी माझी टोपी उडवून घेऊन गेली, आणि मग गठ्ठा पलीकडं अलगद उतरला. शेषरावचा हात इतका हलका, की उतरताना खडखडाटसुद्धा झाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. "शिट्टी ऐकली नाही काय रे तू?"

"भट्टीकडून वाफ सोडून राहिले होते ना," तो भाकर मोडत म्हणाला. "तिच्यात नाही आली."

त्या वेळी वाफ कोणी सोडली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी मी हे कांताला, माझ्या बायकोला, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. तिनं भाजी फोडणीला टाकायची थांबवली. म्हणाली, वच्छला नळावर सांगत होती, की रेडिओ आता पहिल्यासारखा लागत नाही, आणि लागला तर तिचा नवरा त्याच्यावर तळवा पसरून बसतो. हे मीही पाहिलं होतं. शेषरावला क्रिकेटचं वेड. कुठंही कसोटी सामना असला की आमच्या ओळीतली सगळी क्वार्टरं त्याच्या व्हरांड्यात जमायची, आणि चौकार बसला की सगळ्यात मोठी आरोळी त्याची. आता आठवून पाहिलं, तर आरोळी त्याचीच मोठी होती, पण ती येई इतरांच्या मागून. आधी बाकीचे ओरडत, त्यांच्याकडं बघून मग तो.

"तुमच्या डोक्यावर लोखंड ते धरतात," कांता म्हणाली, "अन् त्यांचे कान कसे हायेत ते तुमाले माईत नाही?"

बोलणं बिनतोड होतं. पण करायचं काय? फोरमनला सांगावं, तर नुसत्या संशयावर माणसाच्या पोटावर पाय दिल्यासारखं. आम्ही दोघं साकोलीकडचे, एकाच गाडीनं भरतीला आलेलो, पहिली दोन वर्षं एका तंबूत काढलेले. क्रेन गेली की त्याचा हुद्दा जाणार, आणि त्या हुद्द्यावरच तर तो ताठ चालायचा. न सांगावं, तर रोज सकाळी मी कोणाच्या खाली जाऊन उभा राहतो? माझ्यासारखे आणखी चार जण उभे राहतात, त्यांना तर संशयसुद्धा नाही. त्या दिवसांत मी ओझं डोक्यावर असताना खांदे आक्रसून चालू लागलो होतो. कांता म्हणे, तुमी कुबडे होऊन राहिले.

अशात एक दिवस शेषराव आनंदानं फुलून सांगत आला, की वर्षअखेरीला वेस्ट इंडीजचा सामना कलकत्त्याला आहे, मिलमधल्या दत्ताबाबूंच्या भावानं तिकिटांची सोय केली आहे, राहायलाही त्याच्याकडंच.

"तू चाल माझ्यासंगं," तो म्हणाला.

"घरी रेडिओ असून इतक्या दूर?"

"ऐकून मन नाही भरत आता," तो माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला. "डोळ्यानं पाहाचं हाय."

मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं, पुंडलिकलाही वेड लागलं. मला सामन्यातलं फारसं काही कळत नव्हतं. लोक खेळ पाहायला जातात, मी एका माणसाचे कान पाहायला निघालो होतो. खरं काय ते एकदाचं कळलं म्हणजे परत आल्यावर फोरमनकडं जायचं की नाही ते ठरवता आलं असतं.

निघताना दुर्गच्या स्टेशनावर वच्छलावहिनी पोचवायला आली होती. कडेवर अडीच वर्षांची हिरा. शेषराव डब्यात जागा धरायला चढला तशी ती मला हळूच म्हणाली, "भाऊजी, गर्दीत त्यांच्या मांगं मांगंच राहा. कोणी मांगून..." आणि थांबली.

"काय वहिनी?"

"काही नाही. गर्दी राहते म्हणून म्हटलं." तिनं पदर तोंडावर घेतला.

गाडीत मी त्याची नाना तऱ्हेनं परीक्षा घेतली. समोर बसलो की तो फर्डा बोले. मागच्या सामन्यात कोण कसा बाद झाला ते पायजम्यावर बोटानं काढून दाखवी. शेजारी बसून खिडकीबाहेर बघत काही विचारलं, तर उत्तर येत नसे. पण गाडीचा खडखडाट होता, तेव्हा संशयाचा फायदा त्याला द्यावा लागला. सकाळी सारंडाच्या जंगलात गाडी बोगद्यात शिरली. डब्यात दिवा नव्हता. शेषराव बोलता बोलता मध्येच गप्प झाला, आणि अंधारात त्याचा हात येऊन माझं मनगट धरून बसला. इतका आडदांड माणूस, पण ती पकड एखाद्या घाबरलेल्या लेकराची होती. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "शेषराव, तुले ऐकू येते का?" काही उत्तर नाही. बोगदा संपून उजेड आला तेव्हा त्याची नजर आधी माझ्या ओठांवर आली. त्यानं मनगट सोडलं आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

पहिल्या दिवसाचा खेळ त्यानं डोळ्यांनी अक्षरशः गिळला. आम्ही लाकडी फळ्यांच्या गॅलरीत वर बसलो होतो. चेंडू बॅटला लागला की तो मला कोपरानं ढोसून म्हणे, "पाह्य, पाह्य कसा ठोकला." तो इतका सुखात होता, की मला माझीच लाज वाटू लागली. मग एक बंगाली गृहस्थ आले आणि त्याच्या शेजारच्या जागेकडं बोट दाखवून काहीतरी विचारू लागले. शेषराव हसून मान हलवी. त्यांनी पुन्हा विचारलं, हा पुन्हा हसून मान हलवी. गृहस्थ चिडले, मी मध्ये पडून सरकून जागा दिली.

"बंगाली कोणाले समजते बाप्पा," शेषराव म्हणाला.

बंगाली मलाही समजत नव्हती. पण ते गृहस्थ मागून येऊन 'ओ दादा, ओ दादा' म्हणत होते तेव्हा मी वळून पाहिलं होतं. तो वळला नव्हता.

दुसरा दिवस एक जानेवारीचा. सकाळी धुक्यातून चालत मैदानावर पोचलो तेव्हाच मला काही बरं वाटेना. कालच्याहून कितीतरी जास्त माणूस लोटलं होतं. गॅलरीत लोक एकमेकांच्या पायांमध्ये बसले होते, जिन्यावर बसले होते, आणि खालून आणखी येतच होते. फळ्या कुरकुरत होत्या. ज्यांना जागा मिळाली नाही ते कुंपण ओलांडून मैदानाच्या कडेला बसू लागले. कोणाचं कुठं चुकलं ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येणार नाही. लोक चिडलेले होते आणि पोलीस लाठ्या घेऊन उभे होते, एवढं खरं. शेषरावनं पिशवीतून नागपूरचं संत्रं काढलं आणि रिकाम्या खेळपट्टीवर डोळे लावून सोलायला बसला. खेळ अजून सुरू व्हायचा होता.

आधी मागच्या बाजूला, डावीकडं, आरडाओरड उठली. मग लाठ्यांचे फटके ऐकू आले. मग किंकाळ्या, विटा आपटल्याचे आवाज, काहीतरी फुटल्याचे फटाफट बार. गॅलरीतली हजार डोकी एकदम मागं वळली. एक वळलं नाही. शेषरावनं फोडीवरची पांढरी शीर काढली, फोड तोंडात टाकली आणि समोर बघत मला म्हणाला, "आज पहिल्या तासात एक तरी विकेट जाईल पाह्य."

मी त्याला हात लावला नाही. मुद्दाम लावला नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्याच्या पाठीमागं माणसं जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि तो दुसरी फोड सोलत होता. मला वाटलं होतं, खरं कळलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. गेली किती वर्षं आम्ही पाच जण कशाखाली उभे होतो ते डोळ्यांपुढं आलं.

धूर नाकात गेला तेव्हा तो वळला. पलीकडच्या टोकाला सावलीसाठी बांधलेल्या कनातीनं पेट घेतला होता. संत्रं त्याच्या हातातून पडलं. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"चाल," मी म्हणालो.

तो पुढं, मी मागं. त्याच्या अंगात जोर, त्यामुळं माणसं बाजूला होत होती आणि त्या फटीतून मी उतरत होतो. चार-पाच पायऱ्या राहिल्या असतील नसतील, इतक्यात मागून लोंढा आला, माझा पाय दोन फळ्यांच्या मध्ये गेला आणि घोट्यापर्यंत रुतला. मी ओढला, निघेना. वरून माणसं माझ्या अंगावरून उतरत होती. मी ओरडलो, "शेषराव." त्याची पाठ तीन हातांवर होती. गळ्यातला हिरवा मफलर मला स्पष्ट दिसत होता. मी पुन्हा ओरडलो. मग ज्या नावाला तो गेली आठ वर्षं ओ देत आला होता, त्या नावानं ओरडलो, "मैना, ए मैना." धूर घशात जात होता तरी ओरडत राहिलो. तो हिरवा मफलर खाली गेला, उजवीकडं वळला आणि दिसेनासा झाला. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. माणूस रागानं किती भरू शकतो ते मला त्या फळ्यांत अडकून कळलं. आणि भीतीनंही.

एका माणसानं मात्र ऐकलं होतं. कानटोपी घातलेला, धोतर नेसलेला, किरकोळ अंगाचा बंगाली बाबू. लोंढ्याच्या उलट तो माझ्याकडं आला, वाकून त्यानं माझ्या बुटाची नाडी सोडली आणि पाय मोकळा केला. बूट तिथंच राहिला.

"कौन मैना?" त्यानं माझ्या कानात ओरडून विचारलं. "आपका लडकी? ऊपर रह गया?"

मला खोकल्याची उबळ आली होती. खोकताना मान हलली. त्यानं तिचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मी त्याचं धोतर धरायला गेलो, पण हाताला काही लागलं नाही. तो 'मैना, मैना' अशा हाका मारत वर, धुराकडं चढत गेला. गर्दीनं मला खाली ढकललं.

बाहेरच्या मोकळ्या हिरवळीवर एका झाडाखाली शेषराव उभा होता. मला बघून धावत आला, माझ्या पायाकडं, हरवलेल्या बुटाकडं पाहिलं आणि उलट माझ्यावरच चिडला.

"होता कुठं तू? मी इथं पाहू पाहू थकलो. मांगं राहिला होता तं मले आवाज काऊन नाही देल्ला?"

त्याला मारावं असं मला वाटलं. हात उचललाही असेन. पण माझं लक्ष गॅलरीच्या तोंडाकडं होतं. तिथून माणसं बाहेर पडत होती, आणि त्या वरच्या अंगाला आता ज्वाळा दिसत होत्या. कानटोपी काही दिसेना. शेषराव काही ना काही विचारत होता, मी त्याच्याकडं बघत नव्हतो, म्हणून त्याला उत्तर मिळत नव्हतं. देवाला म्हटलं, त्या माणसाला बाहेर काढ, मग मैनाचं काय करायचं ते मी बघतो.

शेवटी तो आला. टोपी गेली होती, एका बाजूचे केस करपले होते, दोन्ही तळवे काळे. गर्दीत तो एकेकाचं तोंड बघत मला शोधत होता. मी दिसताच जवळ आला आणि हात जोडून रडू लागला.

"नही मिला दादा," तो म्हणाला. "बहुत देखा. बच्ची नही मिला."

नसलेल्या मुलीसाठी तो माणूस ओक्साबोक्शी रडत होता. शेषराव त्याच्या ओठांकडं बघत होता, आणि रडण्यानं वेडेवाकडे होणारे ते परके ओठ त्याला वाचता येत नव्हते.

"काय म्हणते हा?" त्यानं मला विचारलं.

मी त्याची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तोंड माझ्याकडं फिरवलं. म्हणालो, "तुले हाका मारल्या मी. मैना म्हणून मारल्या. तू तीन हातावर होता. तुले नाही आल्या, याले आल्या. तुले लेकरू समजून हा आगीत जाऊन आला."

बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की धुरानं माझा घसा साफ बसला आहे. त्यातला एक शब्दही बाहेर फुटला नव्हता. नुसते ओठ हलले होते. आणि शेषरावला सगळं कळलं होतं. मला काय कळलं आहे, तेही त्याला कळलं.

मी बाबूला खूण करून दाखवलं, की मैना ती हीच. त्यानं त्या मिशांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तो मटकन गवतावर बसला. शेषराव त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचे भाजलेले हात मनगटाशी धरून आपल्या कपाळाला लावले. कितीतरी वेळ त्यानं ते सोडले नाहीत.

उरलेला सामना आम्ही पाहिला नाही. परतीच्या गाडीत शेषराव खिडकीकडं तोंड करून बसला होता, म्हणजे त्याला कोणाचेच ओठ दिसू नयेत. दुर्ग जवळ आलं तेव्हा कुठं वळला.

"तू नको सांगू फोरमनले," तो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तोच त्यानं हात वर केला.

"मी सांगतो. तू फक्त संगं राह्य."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीचा भोंगा झाल्यावर तो क्रेनच्या शिडीजवळ गेला, तिच्या दांडीवर हात ठेवून थोडा उभा राहिला आणि फोरमनच्या केबिनकडं वळला. मी मागं होतो. आमचा फोरमन हिंदी मुलखातला, कडक पण न्यायी. शेषराव समोर उभा राहून म्हणाला, "साब, मेरे को सुनाई नही देता."

फोरमननं सिगारेट पेटवायला मान खाली घातली होती. मान खालीच ठेवून त्यानं विचारलं, "कब से?"

शेषरावला त्याचे ओठ दिसले नाहीत. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"कवापासून, असं विचारतात," मी म्हणालो.

"अगदी जवळचं ढमढम येते अजून. बारीक काही येत नाही," तो मलाच सांगू लागला, मराठीत. "हिरा झाली तवापासून. बाया म्हणत, पोरगी लय रडते. मले ते रडणं कधी आलंच नाही. आता बोलते म्हणे. तू तं ऐकलं असशील, पुंडलिक. कशी बोलते रे ते?"

फोरमनला मराठी येत नव्हती. त्यानं मान वर केली. "क्या बोल रहा है?"

"ढाई साल से, साब," मी म्हणालो.